दोन कागद

[जुनं कृष्णधवल चित्रीकरण – मोर्चा, दुतर्फा गर्दी]
५ ऑगस्ट १९६६. शिकागोतलं मार्क्वेट पार्क. मोर्चाची मागणी साधी आहे : कृष्णवर्णीय कुटुंबाला ऐपतीप्रमाणे शहरात कुठंही घर मिळावं. रस्त्याच्या कडेचे हे चेहरे नीट पाहा. आणि हा क्षण. मार्टिन ल्यूथर किंग यांना दगड लागतो, ते गुडघ्यावर येतात.

[सहीचं चित्रीकरण]
४ एप्रिल १९६८ला किंग यांची हत्या झाली. सातच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग कायद्यावर सही केली : घर विकताना किंवा भाड्यानं देताना रंगावरून भेदभाव करायचा नाही. कायदा झाला, धाक मात्र नव्हता. तक्रार आली की गृहनिर्माण खात्यानं समेट घडवायचा, एवढाच त्याचा अधिकार. कोर्टात जिंकलात, तरी दंडात्मक भरपाई जास्तीत जास्त १,००० डॉलर. बड्या घरमालकाला तेवढ्यानं काय फरक पडणार?

[नाट्यरूपांतर – इमारतीचं दार, बेल]
शिवाय सिद्ध कसं करायचं? रंगामुळं घर देत नाही, असं तोंडावर कोण म्हणतं? मालक हसून सांगतो, "अहो, कालच गेली जागा."
म्हणून ही माणसं. टेस्टर. घर हवंय असं भासवून भेदभाव होतो का ते तपासणारी. दोघांनी पगार सारखाच सांगायचा, नोकरी तशीच, कुटुंबही तेवढंच. आधी कृष्णवर्णीय व्यक्ती जाते, थोड्या वेळानं गोरी. भांडायचं नाही, वाद घालायचा नाही. बाहेर पडल्यावर लगेच लिहायचं : किती वाजले होते, कोण भेटलं, भाडं किती सांगितलं, जागा दाखवली की दारातूनच परत पाठवलं. एकमेकांशी बोलायचं नाही. अपमान गिळून अचूक नोंद करणं सोपं नसतं. पण खटला उभा राहतो तो याच नोंदींवर.

[न्यायालयाची इमारत]
व्हर्जिनियातल्या सिल्व्हिया कोलमन अशाच टेस्टर. जागा रिकामी असूनही त्यांना नाही म्हणून सांगितलं गेलं. घरमालक कंपनीचा युक्तिवाद असा, की यांना घर घ्यायचंच नव्हतं, मग दावा कसला? १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. जागेबद्दल खरी माहिती मिळणं हाच कायद्यानं दिलेला हक्क. खोटं सांगितलं तिथंच तो मोडला.

[कागदपत्रं, शिक्का]
१९८८च्या दुरुस्तीनं १,००० डॉलरची मर्यादा काढली. खात्याच्या न्यायाधीशांना दंडाचा अधिकार मिळाला : पहिल्या वेळी १०,००० डॉलरपर्यंत, वारंवार केल्यास ५०,०००पर्यंत. पीडिताची भरपाई वेगळी. पुढं हे आकडे महागाईनुसार वाढत गेले. खात्याकडे तक्रार मात्र वर्षाच्या आत करावी लागते.

[टेबल, दोन कागद]
हा पहिला कागद. सकाळी साडेदहा : "जागा नाही." आणि हा दुसरा. त्याच दिवशी, सव्वाअकरा : "दोन जागा आहेत. कधी येताय राहायला?"