ओतोकूचा खरेपणा

श्रोतेहो, नमस्कार. केंजी मिझोगुची यांनी १९३९ साली दिग्दर्शित केलेल्या ‘झांगिकु मोनोगातारी’, म्हणजे हंगाम सरताना उरलेल्या शेवंतीच्या फुलांची कथा, या जपानी चित्रपटाविषयी आज बोलायचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले तोक्यो. काबुकी, म्हणजे स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात अशा पारंपरिक जपानी नाटकाच्या, नामवंत घराण्यातला दत्तक मुलगा किकुनोसुके रंगमंचावर उभा राहिला की घराण्याच्या नावाखातर तोंडावर त्याची वाहवा होते आणि पाठ फिरताच त्याला नावे ठेवली जातात. त्याच्या तान्ह्या भावाला दूध पाजणारी दाई ओतोकू तेवढी एका रात्री त्याला सरळ सांगते, की तुमचे काम अजून कच्चे आहे. बाळाला घेऊन ती चालते आहे, शेजारी तो आहे, आणि कॅमेरा खालच्या पातळीवरून, दृश्य कुठेही न तोडता, कित्येक मिनिटे त्यांच्याबरोबर सरकत राहतो. चेहरे जवळून दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळल्यामुळे आपले सगळे लक्ष तिच्या बोलण्याकडे लागते.

या खरेपणाची किंमत म्हणून तिची नोकरी जाते. तोही घर सोडतो. ओसाका, मग फिरत्या नाटक मंडळीतली हलाखीची वर्षे, तिचे खंगत जाणे. अखेर नागोयात तीच पदर पसरून त्याला एक भूमिका मिळवून देते. चेरीच्या झाडाचा आत्मा असलेल्या त्या गणिकेच्या भूमिकेत तो जिंकतो. किकुनोसुके झालेले शोतारो हानायागी स्वतः रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले होते. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकलेल्या श्रोत्यांना त्याचे अप्रूप वेगळे सांगायला नको.

घरी परतायचे तर ओतोकूला सोडायचे, अशी अट असते आणि ती आपणहून बाजूला होते. हा चित्रपट तिच्या त्यागाचा गौरव करतो असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. ओसाकात नटांची होड्यांतून मिरवणूक निघायची असते, ती मरणाला टेकलेली असते, आणि तेव्हा कुठे वडील मुलाला म्हणतात, जा, तुझ्या बायकोला भेट. ती त्या एका शब्दाने हरखते आणि त्याला मिरवणुकीकडे परत धाडते. घराण्याने तिला सून म्हणून पत्करले ते ती उंबरा ओलांडून आत येणार नाही हे नक्की झाल्यावर, आणि मिझोगुचींनी हा हिशेब कुठेही झाकलेला नाही.