पथक म्हणजे किती तास?

छोट्या शहराच्या पोलीस दलातली पथकं मोजायला बसलं की यादी भलतीच भरघोस निघते. श्वान पथक, शीघ्र कृती पथक, ओलीस धरणाऱ्यांशी वाटाघाटी करणारे, अपघात तपास, सायबर, ठसे, मुद्देमाल कक्ष. आणि दल असतं सगळं मिळून 60 जणांचं. मग एवढी पथकं येतात कुठून? माणसं तीच असतात. सकाळी गस्तीच्या गाडीत बसलेला शिपाई दुपारी अपघाताच्या जागी टेप धरून उभा असतो. म्हणून आज मी तासांच्या हिशेबानेच बोलणार आहे.

आठवड्याचे तास 168. एकाची ड्युटी 40 तासांची धरली, तर एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायला 4.2 माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा धरल्या की पाचावर जातं. 60 ला 5 ने भागा, 12 आले. त्यातून अधिकारी, टेबलावरची कामं आणि तपासवाले वजा करा. रात्री दोन वाजता रस्त्यावर सहा-सात जण उरतात. नवं पथक काढायचं म्हणजे यांच्यातलाच कुणीतरी उचलायचा.

श्वान पथकाचंच बघा. एक कुत्रा, एक हँडलर. हँडलर कामावर असतो 168 पैकी 40 तास, म्हणजे पाव हिस्सासुद्धा नाही. त्यातून सराव जातो. महिन्याला 16 तास हा पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा दंडक आहे. चोरी पहाटे झाली तर बहुतेक वेळा हँडलरला झोपेतून उठवावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत उत्साही मंडळी इमारतीत चार चकरा मारून आलेली असतात. त्यांचे वास ताजे, चोराचा शिळा. कुत्रा पोचेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, दारं नुसती राखायची, हे गस्तीवाल्यांना शिकवणं कुत्र्याला शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दुसरं, धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. उकाड्यात थोडा वेळ शोध, मग सावली आणि पाणी, मग पुन्हा शोध.

पण कुत्र्यापेक्षा जास्त चुका दोरीच्या दुसऱ्या टोकाला होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये कुत्रा आणि हँडलर अशा 18 जोड्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोल्यांत अमली पदार्थ किंवा स्फोटक काहीच ठेवलेलं नव्हतं. हँडलरना मात्र सांगितलं होतं की वास असू शकतो, आणि काही ठिकाणी लाल कागद चिकटवला होता, जणू माल तिथेच आहे. 144 शोधांपैकी फक्त 21 शोधांत एकही चुकीचा इशारा आला नाही. हँडलर जरा थबकतो, दोरी किंचित ताणली जाते, आणि कुत्रा मालकाला हवं ते करून दाखवतो. यावर उपाय सरावातच आहे. माल कुठे लपवलाय हे हँडलरला ठाऊक नको, आणि मधूनमधून काहीच लपवायचं नाही. रिकाम्या पिशव्या आणि न वापरलेले हातमोजेही ठेवायचे, नाहीतर कुत्रा अमली पदार्थाऐवजी प्लास्टिकचा वास पकडायला शिकतो.

शीघ्र कृती पथकाबद्दल थोडक्यात. हे काम एकट्याने पोसू नये. शेजारच्या चार दलांनी मिळून एक पथक ठेवावं. वाटाघाटी करणारे मात्र घरचे हवेत, कारण पहिला अर्धा तास त्यांचाच असतो. त्यांची जोडी असते. एक बोलतो, दुसरा ऐकून चिठ्ठ्या सरकवतो. प्रमुखाने स्वतः बोलायला बसू नये. बोलणाऱ्याला ‘वर विचारावं लागेल’ असं म्हणता आलं की वेळ मिळतो, आणि प्रमुखाला तसं म्हणायची सोयच नसते.

अपघात तपासाला लागते एक टेप, एक कॅमेरा आणि वर्गमूळ काढता येणारा माणूस. ब्रेकचा पट्टा मीटरमध्ये मोजा, त्याला रस्त्याच्या घर्षणांकाने (टायरला रस्त्याची पकड किती, तो आकडा) आणि 254 ने गुणा, वर्गमूळ काढा. येईल तो ताशी किलोमीटरमधला वेग. 25 मीटरचा पट्टा आणि 0.7 घर्षणांक धरला तर सुमारे 67. हाच घर्षणांक 0.5 धरला तर 56. म्हणून आकडा पुस्तकातून उचलायचा नाही. त्याच जागी, तशाच ओल्या किंवा कोरड्या रस्त्यावर तो मोजायचा. शिवाय हा किमान वेग आहे; धडकेत जिरलेला वेग यात येत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांचे पट्टे इतके पुसट असतात की दिवस उजाडेपर्यंत वाहतुकीखाली नाहीसे होतात.

आता मुद्देमाल कक्ष. याचा उद्घाटन समारंभ कुणी करत नाही, पण चांगले खटले मरतात ते इथेच. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला की आत ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. आधी स्वच्छ जागी वाळवायचा, मग कागदी पिशवीत. प्रत्येक कपडा वेगळा, आणि खाली नवा कागद. सील करताना सही आणि तारीख टेपवरून पिशवीवर गेलेली हवी, म्हणजे पिशवी कुणी उघडली तर रेघ जुळत नाही.

जप्त केलेला मोबाइल चालू असेल तर सवयीने बंद करू नये. बंद करून पुन्हा सुरू केला की पासकोड टाकेपर्यंत आतला बराचसा डेटा कुलूपबंदच राहतो, आणि तो काढणं फार अवघड होतं. त्याचं नेटवर्क तोडायचं, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवायचा आणि पॉवर बँक त्याच पिशवीत जोडायची. बाहेरून चार्जरची वायर आत नेली तर तीच अँटेनाचं काम करते. पिशवीत सिग्नल शोधता शोधता फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, हे विसरून फोन कपाटात ठेवला की सकाळी तो बंद पडलेला सापडतो.

पैसे, शस्त्रं आणि अमली पदार्थ वेगळ्या कुलपात ठेवायचे. नोटा दोघांनी मोजायच्या, दोघांनी सह्या करायच्या. मोजणी वर्षातून एकदा ठरवून होतेच. न सांगता अचानक केलेली मोजणी जास्त कामाची. कक्षाचा कारभारी बदलला की जुन्या आणि नव्या दोघांनी मिळून यादी ताडून पाहायची. त्याला आठवडा लागला तर लागू दे, कुलूप मात्र पहिल्याच दिवशी बदलायचं.