गाडीत बसतो, म्हणून गाडीचा भाग?

आयात विभागातली मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात. "हा सेन्सर फक्त गाडीतच लागतो, दुसरीकडे कुठेही चालत नाही. मग तो ८७०८ मध्येच जायला हवा ना?" ८७०८ हे मोटारवाहनांच्या सुट्या भागांचं हेडिंग, म्हणजे सीमाशुल्काचा चार आकडी कोड. प्रश्न रास्त आहे, पण टॅरिफची, म्हणजे सीमाशुल्कासाठी केलेल्या वस्तूंच्या यादीची, चाल वेगळी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे मालाला कोड देण्याची जागतिक पद्धत, १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. कोडचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात आणि पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे.

आता मुद्द्याकडे वळू. टॅरिफचे सेक्शन असतात आणि त्यांच्या आत चॅप्टर; वाहनं सेक्शन १७ मध्ये येतात. त्या सेक्शनच्या तोंडाशी काही टिपा छापलेल्या असतात. त्या वगळून थेट हेडिंग शोधायला जायचं, ही आपली जुनी खोड. त्यातली टीप २ सांगते की 'सुटे भाग' या शब्दांत अमुक वस्तू धरायच्याच नाहीत. त्या यादीत चॅप्टर ८५ ची विद्युत यंत्रसामग्री आहे आणि चॅप्टर ९० ची मोजमापाची उपकरणंही आहेत. म्हणजे गाडीतलं बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स इथेच बाहेर पडलं. 'केवळ किंवा मुख्यत्वे वाहनासाठी' ही कसोटी टीप ३ मध्ये आहे. टीप २ च्या चाळणीतून जे खाली उतरलं, त्यालाच ती लावायची. लोक टीप ३ पासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

यावर कुणी हुशार माणूस म्हणेल, "पण यंत्रं आणि विद्युत सामग्रीच्या सेक्शन १६ ची टीप १ सांगते की सेक्शन १७ च्या वस्तू आमच्याकडे नकोत!" बरोबर आहे. दोन्ही सेक्शन एकमेकांकडे बोट दाखवतात असं वाटतं. पण टीप २ ने ज्या वस्तूला भाग मानायलाच नकार दिला, ती सेक्शन १७ ची वस्तू ठरतच नाही. त्यामुळे सेक्शन १६ चा तो मज्जाव तिला लागू होत नाही.

ही गोष्ट कागदावर दिसते तेवढी शांतपणे सुटलेली नाही. मार्च २०२१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे सिग्नलमधल्या रिलेंच्या खटल्यात 'केवळ किंवा मुख्यत्वे' या कसोटीला वजन दिलं आणि रिले ८५३६ या विद्युत स्विचांच्या हेडिंगऐवजी ८६०८ या रेल्वे सिग्नल उपकरणांच्या हेडिंगमध्ये टाकले. खटला रेल्वेचा होता, पण सेक्शन तोच, त्यामुळे वाद वाहनांच्या भागांपर्यंत पोहोचला. शेवटी ५ जानेवारी २०२२ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला वाहनांच्या भागांविषयी सूचना काढावी लागली. सेक्शनच्या टिपा, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक नोंदी आणि न्यायालयांचे इतर निकाल हे सगळं एकत्र लक्षात घ्या, असा तिचा रोख होता. माझं स्वतःचं मत विचाराल तर टीप २ आधी, हाच क्रम टिपांच्या मांडणीतून निघतो.

काही वस्तूंना टॅरिफने स्वतःच नाव दिलंय, तिथे डोकं खाजवायला नको. वायरिंग हार्नेस ८५४४.३० मध्ये. स्टार्टर मोटर आणि स्पार्क प्लग ८५११ मध्ये. हेडलॅम्प, हॉर्न आणि वायपर ८५१२ मध्ये. पण हेडलॅम्पच्या आतलं एलईडी बघा. पूर्ण दिवा आला तर ८५१२, एलईडी मॉड्यूल आलं तर ८५३९, सुटा एलईडी डायोड आला तर ८५४१. प्रकाश तोच, पण सीमेवर माल कोणत्या अवस्थेत आला त्यावर कोड ठरतो.

सेन्सरचंही तसंच. बिलावर नुसतं 'सेन्सर' लिहून कुणाचं काही भलं होत नाही. कूलंटचं तापमान मोजणारा ९०२५ मध्ये, ऑइलचा दाब मोजणारा ९०२६ मध्ये, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन तपासणारा ९०२७ मध्ये. आणि नुसता थर्मिस्टर, म्हणजे तापमानाने रोध बदलणारा घटक, आला, ना आवरण ना कनेक्टर, तर तो ८५३३ चा रोधक. सेमीकंडक्टर चिपच सेन्सर असेल तर आणखी पेच. ८५४१ (सेमीकंडक्टर वस्तू) आणि ८५४२ (आयसी, म्हणजे एकात्मिक सर्किट) ही हेडिंग चिपच्या कामावरून लागू होणाऱ्या इतर हेडिंगांवर मात करतात, एक ८५२३ (डेटा साठवणारी माध्यमं) सोडलं तर. २०२२ च्या आवृत्तीने सेमीकंडक्टर ट्रान्सड्यूसर (एका प्रकारचा संकेत दुसऱ्यात बदलणाऱ्या चिप) ८५४१ मध्ये आणले. पण तीच चिप बोर्डवर चढवून, डबीत बंद करून, कनेक्टर लावून आली की पुन्हा चॅप्टर ९० चा विचार करावा लागतो. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने आयसींवरचं शुल्क त्यात सामील झालेल्या देशांत शून्यावर आलं, म्हणून अख्ख्या मॉड्यूललाही 'आयसी' म्हणण्याचा मोह होतो. करू नका. पेटी उघडली की बोर्ड दिसतोच.

आता ज्यासाठी तुम्ही थांबला आहात, तो ईसीयू, म्हणजे गाडीतला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. इथे ८५३७ की ९०३२ हा झगडा आहे. ९०३२ म्हणजे स्वयंचलित नियमन. चॅप्टर ९० ची टीप ७ काय मागते? प्रत्यक्ष मूल्य सतत किंवा ठरावीक वेळाने मोजायचं आणि ते इच्छित मूल्यावर आणून तिथेच टिकवायचं. स्पष्टीकरणात्मक नोंदींनुसार यात मोजणारा, तुलना करून ठरवणारा आणि कृती घडवणारा असे तीन घटक एका एककात किंवा एका कार्यगटात असायला हवेत. आपला ईसीयू बहुधा एकटाच येतो, सेन्सर दुसऱ्या पुरवठादाराचा आणि ॲक्च्युएटर (कृती घडवणारा घटक) तिसऱ्याचा. मग तो ९०३२ चा भाग, की ८५३७ चा नियंत्रण फलक? देशोदेशी यावर वेगवेगळे निर्णय झालेत. म्हणून माल जहाजावर चढायच्या आधी अग्रिम निर्णय, म्हणजे कोड कोणता याचं आधीच मिळणारं अधिकृत उत्तर, मागायची सोय असेल तर ती वापरा. खिडक्यांच्या काचा वरखाली करणारा साधा मॉड्यूल काही मूल्य टिकवत नाही, आज्ञा पाळतो. तिथे ९०३२ चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

डॅशबोर्डवरचा रेडिओ, नकाशा आणि पडदा एकत्र असलेला संच आला की सेक्शन १६ ची टीप ३ काढायची आणि मुख्य काम कोणतं ते ठरवायचं. ते ठरेना, आणि ८५२६ (रेडिओ दिशादर्शन) व ८५२७ (रेडिओ ग्रहण) या दोघांचाही दावा सारखाच असेल, तर टॅरिफच्या सामान्य अर्थनिर्णय नियमांतल्या ३(क) प्रमाणे आकड्यांच्या क्रमात शेवटचं हेडिंग, म्हणजे ८५२७.

बॅटरी पॅकबद्दलही विचारलं जातं. चॅप्टर ८५ च्या टीप ३ प्रमाणे संचायकाला, म्हणजे बॅटरीला, ऊर्जा साठवायला व पुरवायला मदत करणारे किंवा त्याचं रक्षण करणारे कनेक्टर, थर्मिस्टर आणि संरक्षक सर्किट सोबत आले तरी पॅक ८५०७ मध्येच राहतो. चार्जर आणि इन्व्हर्टर वेगळे आले तर ते ८५०४. ड्रॉइंग, सर्किटचा आराखडा आणि 'हे नेमकं काय करतं' याचं अभियंत्याने लिहिलेलं एक पान फाइलला लावून ठेवा. कॅटलॉगचं विपणनाचं पान मात्र लावू नका. त्यात प्रत्येक वस्तू 'स्मार्ट' असते आणि तपासणारा अधिकारी नेमकं तेच वाक्य अधोरेखित करतो.