कथा उत्तम, खेळ साधारण?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

व्हिडिओ गेमच्या समीक्षेवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी एकच विनंती केली. सबंध विषय नको, एक गेम घेऊ आणि त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते नीट तपासू. ठाणेकर प्रेक्षक नाटक पाहून बाहेर पडला की गडकरी रंगायतनच्या पायऱ्या उतरायच्या आत त्याची चर्चा सुरू झालेली असते. तीच सवय आज आपल्याला उपयोगी पडणार आहे.

गेमचं नाव 'अ प्लेग टेल : इनोसन्स'. तो १४ मे २०१९ रोजी आला. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओनं तो तयार केला आणि फोकस होम इंटरॅक्टिव्हनं प्रकाशित केला. असोबोनं तोवर बरीचशी कामं इतरांसाठी केलेली होती. पिक्सारच्या चित्रपटांवर बेतलेले गेम्सही त्यांनी केले होते. इथे त्यांनी स्वतःची गोष्ट घेतली, आणि तीही आपल्याच मुलखातली. फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग, साल १३४८. इंग्लंड आणि फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध चालू आहे आणि त्यात प्लेग येऊन पोचला आहे.

अमिसिया द रून ही सरदार घराण्यातली पंधरा वर्षांची मुलगी. तिचा भाऊ ह्यूगो पाच वर्षांचा. त्याच्या रक्तात जन्मापासून काहीतरी आजार आहे, म्हणून आईनं त्याला बंद खोलीत, सगळ्यांपासून दूर वाढवलं आहे. त्यामुळे सख्खी भावंडं असूनही दोघं एकमेकांना जवळजवळ अनोळखी आहेत. हे लक्षात ठेवा, माझं पुढचं सगळं बोलणं त्यावर उभं आहे. एके दिवशी इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचे, सैनिक ह्यूगोला न्यायला येतात, वडील डोळ्यांदेखत मारले जातात आणि ही दोघं पळत सुटतात. मुलीजवळ शस्त्र एकच, गोफण. पुढच्या रांगेतल्या अनेकांनी जोंधळ्याच्या रानात ती फिरवलीही असेल.

मागे उभ्या असलेल्या मुलांना माहीत आहे की हा स्टेल्थ प्रकारातला गेम आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे लढण्यापेक्षा लपणं जास्त. पहारेकऱ्याची पाठ फिरली की गवतातून सरकायचं, दगड मारून दुसरीकडे आवाज करायचा, त्याचं लक्ष तिकडे गेलं की निसटायचं. आणि उंदीर. पडद्यावर एका वेळी पाच हजारांपर्यंत उंदीर येतात, जमीन दिसेनाशी होते. ते फक्त उजेडाला भितात. म्हणून मशाल, शेकोटी, जळती काटकी, जे मिळेल त्याच्या उजेडाच्या वर्तुळातून पुढच्या वर्तुळात जायचं.

आता समीक्षेकडे येऊ. गेमचं स्वागत चांगलं झालं. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ८० च्या आसपास गुण आहेत. २०१९ च्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट कथनासाठी त्याला नामांकन मिळालं. त्या वर्षी तो पुरस्कार 'डिस्को एलिसियम'ला गेला, आणि योग्यच गेला. २०२० मध्ये फ्रान्सच्या पेगाझ पुरस्कारांत तो सर्वोत्तम गेम ठरला. त्याच वर्षी जुलैपर्यंत दहा लाख प्रती खपल्या. नव्या, अनोळखी गोष्टीसाठी हे यश लहान नाही.

पण मला गुणांपेक्षा परीक्षणांची घडण महत्त्वाची वाटते. एकामागून एक वाचत जा, साचा दिसायला लागतो. सुरुवातीला भावंडांचं नातं, शार्लट मॅकबर्नी आणि लोगन हॅनन या दोघांच्या आवाजातला सच्चेपणा, धुक्यातली फ्रेंच खेडी, ऑलिव्हिए देरिव्हिएरचं तंतुवाद्यांनी भरलेलं अस्वस्थ संगीत, या सगळ्याचं मनापासून कौतुक. मग परीक्षण वळतं. लपाछपी फार सोपी आहे. पहारेकरी ठरलेल्या रेषेवर फिरतात आणि त्यांना डोक्याचा भाग कमी आहे. वाट अरुंद आहे, कोड्याला बहुधा एकच उत्तर आहे, चुकलात की मरा आणि पुन्हा तिथूनच सुरू करा. निष्कर्ष ठरलेला, कथा उत्तम आणि खेळ साधारण.

यातला प्रत्येक आरोप मला मान्य आहे. तरीही तो निष्कर्ष मला मान्य नाही.

नाटकाच्या समीक्षेत आपण संहिता आणि प्रयोग वेगळे काढतो. ते चालतं, कारण संहिता छापून येते, घरी बसून वाचता येते, आणि तीच संहिता दहा वर्षांनी दुसरा संच वेगळ्या तऱ्हेनं उभी करतो. गेमला अशी सुटी संहिता नसते. ज्याला आपण कथा म्हणतो तिचा मोठा भाग खेळणाऱ्याच्या बोटांतून घडतो. त्यामुळे 'कथा इतके गुण, खेळ इतके गुण' असे दोन रकाने आखले, की नेमकं जे दोन्हीच्या मधे घडतं ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

या गेममध्ये मधे काय घडतं? एक बटण आहे. ते दाबलं की ह्यूगो अमिसियाचा हात धरतो आणि तिच्याबरोबर चालू लागतो. दुसऱ्या आज्ञेनं त्याला 'इथे थांब' सांगता येतं. पण त्याला सोडून फार लांब गेलात, फार वेळ लावलात, की तो घाबरतो, हाका मारतो, आणि त्या आवाजानं पहारेकरी येतात. म्हणजे पहारेकऱ्याची नजर आणि पोराचा धीर ही दोन्ही गणितं एकदम सांभाळायची. कथेत लिहिलं आहे की या बहिणीला आपल्या भावाची सवय नाही. पहिल्या काही प्रकरणांत खेळणाऱ्यालाही ती नसते. तो त्याला विसरून पुढे जातो, चिडतो, परत येतो. पुढे कधीतरी सांगितल्याशिवाय बोट त्या बटणावर जायला लागतं. नातं जुळल्याचं कुठल्याही संवादातून सांगायच्या आधी ते बोटांना कळलेलं असतं.

पाचव्या प्रकरणात भावंडं एक रणभूमी ओलांडतात. इंग्रज आणि फ्रेंच सैनिकांची प्रेतं इतकी पसरली आहेत की पाय ठेवायला मोकळी जमीन नाही. समीक्षकांनी या दृश्याच्या चित्रणाची तारीफ केली, ती रास्त आहे. पण तिथे बराच वेळ करायचं काय असतं? चालायचं. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन प्रेतांवरून चालायचं. निव्वळ कौशल्याच्या हिशेबानं तिथे खेळ शून्य आहे. गेमचा अर्थ मात्र तिथे जितका दाट आहे तितका दुसरीकडे क्वचितच असेल.

इथे मला एक मर्यादा घालून घ्यायला हवी. प्रत्येक त्रुटीला अर्थ चिकटवणं ही भाबडी समीक्षा होईल. मूल समोरून पळत गेलं तरी पहारेकऱ्याला दिसत नाही, हा दोषच आहे, त्यात कसलंही रूपक नाही. आणि शेवटच्या टप्प्याबद्दल तर मी पूर्णपणे टीकाकारांच्या बाजूनं आहे. तिथे ह्यूगोला उंदरांवर ताबा मिळतो, खेळणारा उंदरांचे लोंढे शत्रूवर सोडू लागतो. इन्क्विझिशनचा प्रमुख व्हिटालिस पांढऱ्या उंदरांची फौज घेऊन येतो आणि काळ्या-पांढऱ्या उंदरांचं युद्ध कॅथीड्रलमध्ये रंगतं. जो हात धरायला शिकवलं, त्या हाताचं शस्त्र झालं. या उलटण्यात मोठी शोकांतिका दडलेली होती. गेमनं तिचा तमाशा केला. अनेक परीक्षणांनी हा भाग ताणलेला आणि विसंगत म्हटला, आणि मला त्यात बदलण्यासारखं काही दिसत नाही.

हिंसेबद्दलही बोललं पाहिजे. दुसऱ्याच प्रकरणात अमिसियाच्या हातून पहिला माणूस मरतो, आणि ती हादरून जाते. पुढे खेळणाऱ्याला एक युक्ती शिकवली जाते. सैनिकाच्या हातातला कंदील गोफणीनं फोडायचा. अंधार होतो, उरलेलं काम उंदीर करतात. पहिल्यांदा हे करताना पोटात कालवतं. काही वेळानं आपण कंदील मोजू लागतो. ज्या समीक्षकांनी 'मारामारी सवयीची होत जाते' अशी तक्रार केली, ते फार महत्त्वाच्या जागेवर पोचले होते. त्यांनी ती तोचतोपणाच्या खात्यात टाकली. सवय कोणाची होते आहे, मुलीची की आपली, हा प्रश्न विचारला असता तर तेच परीक्षण कितीतरी खोल गेलं असतं.

आता उंदरांकडे येतो. इथे मराठी वाचकाजवळ असं काही आहे जे त्या परीक्षणकर्त्यांजवळ सहसा नव्हतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पोचला. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, कारण प्लेगपेक्षा घराघरांत शिरणारे सोल्जर लोकांना जास्त असह्य झाले होते. हाफकिन यांनी लस मुंबईतच तयार केली. या सगळ्याच्या घरोघरी राहिलेल्या आठवणींत उंदीर आहे, पण तो मेलेला. गावात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायला जात. उंदीर पडणं ही सूचना होती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरची पिसू रोग पसरवते हे दाखवलं, तेव्हा त्या सूचनेमागचं कारण कळलं.

गेममधला उंदीर जिवंत आहे आणि माणसाला क्षणात फाडून खातो. इतिहास म्हणून हे खोटं आहे. चौदाव्या शतकातल्या इन्क्विझिशनची अशी खासगी फौज दाखवणं तर त्याहून खोटं. काल्पनिक गोष्टीला ती मुभा आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण म्हणून मला उंदरांच्या लाटांपेक्षा दुसरं प्रकरण जास्त खरं वाटतं. भावंडं एका गावात शिरतात, दारं बंद आहेत, कोणी आत घेत नाही, आणि मग तेच गावकरी 'यांनीच रोग आणला' म्हणून दोन पोरांच्या मागे लागतात. ज्या समाजानं साथीत परक्याला वेशीबाहेर ठेवलं आहे आणि स्वतःही वेशीबाहेर राहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गेम आला २०१९ मध्ये. वर्षभरात जगभरची दारं बंद झाली, आणि त्यानंतर ज्यांनी तो पहिल्यांदा खेळला त्यांनी हे प्रकरण वेगळ्याच डोळ्यांनी पाहिलं असणार. गेमवर जे लिहायचं ते आला त्या आठवड्यातच लिहून संपवायचं, ही पद्धत अशा वेळी फार तोकडी पडते.

मागून एकानं दुसऱ्या भागाबद्दल विचारलं आहे. 'रेक्विएम' १८ ऑक्टोबर २०२२ ला आला. उंदीर पाच हजारांवरून तीन लाखांवर गेले, गोफणीच्या जोडीला क्रॉसबो आला, जागा मोकळ्या झाल्या, एका प्रसंगातून निघायच्या वाटा वाढल्या. पहिल्या भागावरची टीका स्टुडिओनं मन लावून वाचली होती हे उघड दिसतं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला गेम ऑफ द इयरचं नामांकन मिळालं आणि शार्लट मॅकबर्नीला अभिनयाचं. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की अमिसियाची हिंसा आता कथेच्या मध्यभागी आली आहे. माणसं मारून मारून या मुलीचं काय झालं, तिला राग आवरेनासा का झाला, हे गेम स्वतःच विचारतो. मात्र त्याच वेळी लढण्याची साधनं वाढवत नेल्यामुळे खेळणाऱ्याला ती हिंसा अधिक मजेची होत जाते. प्रश्न विचारणारी कथा आणि चटक लावणारा खेळ एकमेकांना दोन दिशांना ओढतात. परीक्षणांनी पुन्हा दोन रकाने आखले, आणि या वेळी दोन्हीत गुण थोडे वाढवून दिले. माझ्या मते पहिला भाग लहान आहे, ओबडधोबड आहे, शेवटी घसरतो, तरी पहिल्या अकरा-बारा प्रकरणांत तो जितका एकसंध आहे तितका दुसरा कुठेच होत नाही.