ठिणगीचा प्रवास

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल आपण सगळ्यांनी कधी ना कधी उडवलंय. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटतो आणि ‘फट्’! बंदुकीची निम्मी गोष्ट त्या टिकलीत आहे. नळी, दारू आणि गोळी जमवणं माणसाला तसं लवकर साधलं. खरा घोळ होता तो बंद नळीतल्या दारूपर्यंत विस्तव पोचवायचा कसा, हा.

सुरुवातीचा उपाय अगदी साधा, तोड्याचा. सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी सावकाश धुमसत राहायची. नळीच्या कुशीला बारीक भोक, म्हणजे काना. त्याच्या तोंडाशी चिमूटभर बारीक दारू, ती रंजक. चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर टेकायचा, रंजक भडकायची आणि आग कान्यातून आत शिरायची. कधी नुसती रंजकच भडकून जायची आणि बंदूक आपली गप्प! पावसात तर विचारूच नका. आपल्या फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत, त्याला नद्यांचे पूर हे मोठं कारण खरं. पण भिजलेला तोडा घेऊन तरी कुठे जाणार? शिवाय रात्री दबा धरून बसावं, तर तोड्याचा लाल ठिपका शत्रूला दुरून दिसायचा.

मग आली गारेची, म्हणजे चकमकीची बंदूक. १७व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तिचं रूप ठरलं. घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा धरलेला असे. तो पोलादावर घासला की ठिणग्या रंजकीवर पडत. सरावलेला शिपाई मिनिटाला तीनेक बार काढी. १७६१ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी लढल्या, त्या याच कवायती पद्धतीच्या. ‘गारदी’ हा शब्दसुद्धा फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला.

पण गारेच्या बंदुकीतही आधी रंजक भडके आणि मग बार होई. या क्षणभराच्या उशिराला वैतागला तो कोणी सेनापती नव्हे, तर स्कॉटलंडमधला एक धर्मोपदेशक, अलेक्झांडर फोर्साइथ. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. रंजकीचा भडका दिसला की पक्षी सावध होत आणि नेम हुके. त्यानं नुसत्या आघातानं पेटणारी स्फोटक भुकटी वापरून पाहिली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे ती भुकटी तांब्याच्या चिमुकल्या टोपीत बसली आणि टोपीची बंदूक जन्मली. आपली टिकली तिचीच नात. बदकांपायी लागलेला हा शोध पुढे सगळ्या जगाच्या सैन्यांनी उचलला, याची मला नेहमी गंमत वाटते.

१८५७ची एनफिल्ड रायफल टोपीचीच. नळीत आतून फिरत्या खाचा पाडलेल्या असल्यानं गोळी भोवऱ्यासारखी गरगरत सरळ आणि लांब जाई. तरी बंदूक ठासणीचीच! कागदी काडतूस दातांनी फोडायचं, दारू नळीत ओतायची आणि गजानं गोळी ठासायची. काडतुसाला लावलेली चरबी कसली, या संशयानं शिपाई बिथरले. काडतूस हातानं फाडलं तरी चालेल, असा बदल त्याच वर्षी झाला. पण वेळ निघून गेली होती.

पुढे टोपी, दारू आणि गोळी या तिन्ही गोष्टी एका पितळी पुंगळीत आल्या. बाराच्या दाबानं पितळ फुगून नळीला घट्ट बसतं, त्यामुळे मागून वायू निसटत नाही. म्हणून बंदूक बिनधोक मागून भरता येऊ लागली आणि शिपायाला आडवं पडून लढता येऊ लागलं. आपल्या पोलिसांची जुनी ‘थ्री नॉट थ्री’ रायफल याच घराण्यातली. खटका मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर आणि पुढे ढकलला की नवं काडतूस आत. १८८४च्या सुमारास हायरम मॅक्सिम या संशोधकानं तर बंदुकीच्या धक्क्यालाच हे काम करायला लावलं. बोट चापावर दाबून धरलं की झालं, बंदूक स्वतःच भरते आणि स्वतःच उडते.

आता रंजक नाही की तोडा नाही. पुंगळीच्या बुडातल्या टोपीवर एक टोकदार पिन आपटते, एवढंच. तिचा खळगा मात्र तिथे उमटतो आणि प्रत्येक बंदुकीच्या पिनेचा ठसा थोडा निराळा असतो. म्हणून गोळीबार झाला की पंचनाम्यात पोलीस रिकाम्या पुंगळ्या जपून वेचतात आणि मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी तो खळगा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो.

नमस्कार.