रंग पाठवले होते, पोचले नाहीत

(फोंड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘कॅडमधील आयात मॉडेलांचे रंगव्यवस्थापन’. म्हणजे संगणकावर यंत्राचे भाग रेखायच्या कॅडमध्ये, बाहेरून आलेल्या मॉडेलांचे रंग कसे सांभाळायचे. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे बाहेर पाऊस चांगलाच जोरात असणार. (हशा)

आधी एक गोष्ट सांगतो, मग विषयाकडे वळू. झुवारीकाठी खनिजाच्या बार्ज दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात मी ड्रॉइंगं सांभाळायचो. एकदा विंचच्या बेअरिंग हाउसिंगचं मॉडेल बाहेरून आलं. सोबत कागद नाही, स्टेप फाइल तेवढी, म्हणजे एका कॅडमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायची फाइल. उघडली तर सगळं राखाडी. म्हटलं, बिडाचाच भाग आहे, राखाडीच असायचा! जसंच्या तसं पॅटर्न करायला दिलं, ओतकाम करून घेतलं. हाउसिंग लेथवर चढलं आणि आमचे मेस्त बाब म्हणाले, ‘कापू काय? इथं कापायला मांसच नाही.’

मग फोन. पलीकडचे म्हणाले, पिवळे फेस, म्हणजे भागाचे पिवळे पृष्ठभाग, नंतर मशीनवर कापायचे, तिथं तीन मिलिमीटर जास्त सोडायचे. आम्ही रंगातच सांगितलं होतं. मी म्हटलं, रंग आलेच नाहीत. ते म्हणाले, पाठवलेत. हरवलेल्या मनीऑर्डरीसारखं अर्धा तास चाललं. खर्च शेवटी आमच्याच माथी आला, ते सोडा. आणि ते हाउसिंग? वर्कशॉपच्या दाराला टेकू म्हणून ठेवलं. पावसाळ्यात दार आपटायचं ना, ते थांबलं. (हशा)

आता चवथीचं बघा. मूर्तिकाराने डोळे रेखले, पितांबराला पिवळा दिला, आणि घरी आणताना कुणी अख्खी मूर्ती चुन्यात बुडवली, तर तुम्ही त्याला ‘आकार तर तोच आहे’ असं म्हणू द्याल? आमच्या धंद्यात हेच म्हणतात. माझा मुद्दा एवढाच की रंग हा साज नाही, मजकूर आहे. आणि तो कुणाचा, भागाचा की फेसचा, हे फाइलीत लिहिलेलं असतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, विषय आत्ता कुठे सुरू होतोय! बरं, घाईत सांगतो.

स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३ हे आंतरराष्ट्रीय मानक. एपी म्हणजे त्याचे कामागणिक केलेले पोटभाग. त्यातल्या एपी २०३ च्या १९९४ च्या पहिल्या आवृत्तीत रंगाला जागाच नव्हती. आमचं हाउसिंग त्यातच आलं होतं. मोटारवाल्यांसाठी केलेल्या एपी २१४ मध्ये रंग आले, आणि २०१४ चं एपी २४२ ते पुढे चालवतं. म्हणून फाइल मागतानाच कुठल्या एपीत हवी ते सांगा.

आली की नोटपॅडमध्ये उघडा, साधा मजकूरच असतो. कलर आरजीबी शोधा, पण कलरच्या स्पेलिंगात यू घालून. साडेचारशे वर्षं राज्य पोर्तुगीजांचं, आणि फाइलीत स्पेलिंग इंग्रजांचं! (हशा) पुढचे लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे शून्य ते एकमध्ये असतात, नेहमीसारखे २५५ पर्यंत नाही, ०.५ म्हणजे साधारण १२८.

दुसरी रड: ‘भागाला निळा दिला, तरी लालच दिसतो.’ दिसणारच. फेसचा रंग भागाच्या रंगावर मात करतो, आणि आयात मॉडेलात बरेचदा प्रत्येक फेस आपला रंग घेऊन आलेला असतो. आधी फेसचे रंग काढा, मग भागाला द्या. पण काढण्यापूर्वी पाठवणाऱ्याला विचारा, पिवळा म्हणजे काय. आणि असेंब्लीत, म्हणजे अनेक भाग जोडलेल्या मॉडेलात, वरून दिलेला रंग मूळ भागात जाईल असं धरून चालू नका. भागाची फाइल वेगळी उघडली की जुनाच दिसायचा.

मागून कोण? एसटीएल? ती थ्रीडी छपाईची फाइल. त्यात नुसते त्रिकोण, रंगाला ठरलेली जागा नाही. काहीजण तिच्या बायनरी प्रकारात प्रत्येक त्रिकोणामागच्या दोन रिकाम्या बाइटांत रंग कोंबतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी. रंगीत छापायचं असेल तर थ्रीएमएफ प्रकारची फाइल मागा. आलो, आलो, माइक देतो.