फुगा कुणाच्या हातून फुटणार?

(दृश्य: काळ्या पडद्यासमोर लाल फुगा. सुईचं टोक रबराला टेकतं. अतिमंद गती.)

फुगा फुटताना आपल्या डोळ्यांना तो फुटताना दिसतच नाही. आवाज येतो आणि फुगा नाहीसा झालेला असतो. सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा लावला की तोच क्षण उलगडतो. सुई शिरते तिथे बारीक चीर पडते. ती चीर धावत सुटते. ताणलेलं रबर तिच्या दोन्ही बाजूंनी मागे पळतं आणि आत कोंडलेली हवा एकदम मोकळी होते. आपण ‘फट्’ म्हणून ऐकतो तो त्या मोकळ्या झालेल्या दाबाचा धक्का.

पण खेळाची खरी मजा त्याच्या आधीच्या क्षणांत असते. सगळे गोल करून बसलेत, मधे फुगा, एकेकाची पाळी येतेय. कुणी डोळे मिटतं, कुणी कानांवर हात ठेवतं, कुणी उगाचच हसतं. फुटेल का? माझ्याच हातून फुटेल का? ही धाकधूक हाच खेळ आहे. त्यासाठी मोठा धमाका लागत नाही, आणि धोका तर मुळीच लागत नाही.

हा खेळ खेळायचं एक साधन, म्हणजे आत फुगा बसवलेली एक पेटी, कशी घडवायची, ते आपण पाहणार आहोत. त्याचा पाया एकाच निर्णयावर उभा आहे: नशिबाचा भाग यंत्रात ठेवायचा, फुग्यात ठेवायचा नाही.

(दृश्य: हातपंपाने फुगवला जाणारा फुगा. त्याची मान ताणून पारदर्शक होत जाते.)

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो प्रकार नेमका उलटा असतो. फुग्याला पंप जोडायचा, प्रत्येकाने एकेक फुंक भरायची, ज्याच्या पाळीला फुटेल त्याच्यावर राज्य. इथे नशीब सगळं रबराच्या हाती. कुठला फुगा किती ताण सोसेल, हे त्याच्या जाडीवर, वयावर, एखाद्या न दिसणाऱ्या दोषावर ठरतं. आणि फुटतो तेव्हा तो अगदी टोकाला ताणलेला असतो, तोही तोंडापासून हातभर अंतरावर.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या श्रवणतज्ज्ञांनी फुगे तीन तऱ्हांनी फोडून आवाज मोजले: टाचणीने, दाबून, आणि फुटेपर्यंत फुगवून. सर्वांत मोठा आवाज फुगवून फोडलेल्या फुग्याचा होता, जवळजवळ १६८ डेसिबल. बारा बोअरच्या बंदुकीपेक्षाही जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी सुचवलेली कमाल पातळी मोठ्यांच्या कानांना १४० आणि मुलांच्या कानांना १२० डेसिबल आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढत नाही. वीसने आकडा वाढला की ध्वनिदाब दहापट झालेला असतो. त्यामुळे १६८ आणि १२० यांच्यातलं अंतर कागदावर दिसतं त्याहून फारच मोठं आहे. एकदा कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून पंप बाद. आपल्या खेळात फुगा आधीच फुगवलेला असेल, बेताचाच फुगवलेला असेल, आणि सुई लागली की तो दर वेळी हमखास फुटेल. सुई लागणार की नाही, एवढंच अनिश्चित.

(दृश्य: दोन फुगे शेजारी शेजारी. एक दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फाटतो, दुसऱ्याच्या चिंध्या उडतात.)

‘बेताचा’ म्हणजे किती? २०१५ साली पॅरिसमधल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी, मुलिने आणि अदा-बेदिया यांनी, नेमका हाच अभ्यास केला. ताण कमी असेल तर रबरात एकच चीर धावते आणि मोजके मोठे तुकडे पडतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की चिरेचा वेग आणखी वाढू शकत नाही, मग तिच्या टोकालाच फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे, आणि फुग्याच्या चिंध्या होतात.

ही माहिती आपल्या फार कामाची. कमी फुगवलेला फुगा कमी आवाज करतो, आणि वर त्याचे तुकडे मोठे आणि मोजके पडतात, म्हणजे सगळे सापडतात. अर्थात फारच मऊ ठेवला तर सुई आरपार जाईल आणि हवा नुसती सुस्कारा सोडल्यासारखी निघून जाईल. म्हणून एका पुठ्ठ्याला गोल भोक पाडून ठेवायचं. फुगवलेला फुगा त्यातून अलगद, कडांना न घासता गेला पाहिजे. पाकिटावर लिहिलेल्या आकाराच्या दोन-तृतीयांश व्यासापासून सुरुवात करावी आणि रिकाम्या पेटीत फोडून बघत तो ठरवावा. फुग्याची मान ताणून तो पेरूच्या आकाराचा दिसू लागला, तर तो जास्त फुगला आहे, हवा सोडायची.

आत फक्त हवाच भरायची. रबराचा पहिला फुगा इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बनवला. रबराचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या, आतून चिकटू नये म्हणून पीठ लावलं. त्याला तो हायड्रोजनवरच्या प्रयोगांसाठी हवा होता. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे त्याला खेळात जागा नाही.

(दृश्य: पारदर्शक पेटी, आत कड्यावर बसवलेला फुगा. कॅमेरा हळूहळू पेटीभोवती फिरतो.)

आता पेटी. फुगा चारही बाजूंनी आणि वरून बंद असला पाहिजे, पण दिसला पाहिजे. भिंतींना पॉलिकार्बोनेट हे चिवट, पारदर्शक प्लास्टिक घ्यावं, कारण धक्का बसला तर ते वाकतं. काच नको, आणि पातळ अ‍ॅक्रिलिकही नको, त्याच्या धारदार कपच्या होतात. पेटी हवाबंद करू नये. खालच्या बाजूला हवेसाठी वाटा ठेवाव्यात, त्या सरळ न ठेवता वळणाच्या ठेवाव्यात आणि आतून स्पंजचं अस्तर लावावं, म्हणजे हवा निघते आणि आवाज मधेच बराचसा जिरतो. बोट आत जाईल एवढी एकही फट नको. शेवटी आवाज किती येतो, ते खेळणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, आवाजाचं क्षणिक शिखर टिपणाऱ्या ध्वनिमापकानेच बघावं. फोनमधली साधी अ‍ॅप्स इतका आखूड आवाज नीट पकडू शकत नाहीत.

फुगा आत मोकळा सोडला तर सुईचा धक्का बसताच तो घरंगळतो आणि वाचतो. म्हणून त्याला पाठीमागून एका गोल कड्याचा आधार द्यायचा. सुई बाजूच्या गालावर लागावी. गाठीजवळ आणि बरोबर तिच्या विरुद्ध टोकाला रबर जाड आणि कमी ताणलेलं असतं. जादूचे प्रयोग करणारे फुग्यातून लांब सुई आरपार घालतात, ती याच दोन जागांतून. आपल्या खेळात फुगा असा वाचला तर डावच फसतो.

सुई स्वतःच्या स्प्रिंगवर मागे ओढून, नळीत लपवून ठेवलेली असते आणि एका खिट्टीने अडवलेली असते. इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची: खेळणाऱ्याच्या बोटाचा जोर सुईपर्यंत कधीच पोचू द्यायचा नाही. बोट फक्त खिट्टी सोडवतं, बाकीचं काम स्प्रिंग करते, आणि दुसरी हलकी स्प्रिंग सुईला लगेच परत नळीत खेचते. झाकण उघडलं की सुई आपोआप कुलूपबंद झाली पाहिजे. फुगा बदलताना हात आत जातो, अपघात व्हायचा तर तेव्हाच होईल.

(दृश्य: बाहेरच्या बाजूचे आठ दट्टे. एक बोट त्यांच्यावरून फिरतं, थांबतं, पुढे सरकतं.)

बाहेर आठ दट्टे. पोटात एक चकती, तिच्यावर आठांपैकी एकाच जागी खुंटी. डावाआधी चकती जोरात फिरवून सोडायची, ती थांबेल तिथे थांबेल. खुंटी ज्या दट्ट्याखाली आली, तो ‘जिवंत’. तो दाबला की खुंटी खाली जाते, तिच्यामुळे एक पातळ कडं हलतं आणि कडं खिट्टी ओढतं.

कागदावर हे सोपं वाटतं, पण माणसाची बोटं फार हुशार असतात. जिवंत दट्टा बाकीच्यांपेक्षा किंचित जड लागला, तर दोन-तीन डावांत कुणीतरी हलकेच दाबून चाचपायला शिकतं आणि खेळ संपतो. यावरची युक्ती एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबरने मांडलेल्या नियमात आहे. ओझं जितकं जास्त, तितका फरक जाणवायला तो मोठा असावा लागतो. भरलेल्या बादलीत चमचाभर पाणी टाकलं तर हाताला कळत नाही. म्हणून आठही दट्ट्यांना सारखीच, चांगली जड स्प्रिंग द्यायची आणि खिट्टी मात्र अगदी हलकी ठेवायची. शिवाय प्रत्येक दट्टा शेवटच्या टप्प्यात ‘टक्’ करून खाली बसला पाहिजे, आणि खिट्टी सुटायची ती त्या ‘टक्’नंतरच. अर्धवट दाबून काहीच कळणार नाही. एकदा बसलेला दट्टा डाव संपेपर्यंत वर येणार नाही.

(दृश्य: सहा जणांचे हात, एकामागून एक. दट्टे बसत जातात. टक्. टक्. टक्.)

दट्टा बसून राहतो यात खेळाचा न्याय आहे. समजा, दट्ट्यांऐवजी साधा फासा असता: सहा खेळाडू, सहा आला की फुगा फुटणार. सगळ्यांना वाटेल, संधी सारखीच. पण पाळी फिरत राहते तेव्हा पहिल्या खेळाडूच्या हातून फुटण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते आणि सहाव्याच्या हातून फक्त १० टक्के. सहाव्यापर्यंत डाव पोचण्याआधीच बहुतेक वेळा फुगा गेलेला असतो. उलट, दोन फेऱ्या संपल्या तरी फुटला नाही, असंही दर नऊ डावांत एकदा होतं, आणि मग गंमत कंटाळ्यात बदलते.

दट्टे बसून राहिले की चित्र पालटतं. आठ दट्टे, त्यांतला एक जिवंत. सहा जणांपैकी प्रत्येकाला पहिल्या फेरीत बरोबर एक-अष्टमांश शक्यता, पाळी कितवीही असो. पण खेळताना वाटतं मात्र वेगळं, कारण प्रत्येक रिकाम्या ‘टक्’नंतर उरलेल्यांतला धोका चढतो: आठात एक, सातात एक, सहात एक. सहाव्यापर्यंत डाव आला तर तिनात एक. २००२ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी माणसाची धोका पत्करण्याची वृत्ती मोजायला जी फुग्याची चाचणी बनवली, तिच्यातही हीच रचना आहे. तिथे फुगा संगणकाच्या पडद्यावर असतो, पहिल्या पंपाला फुटण्याची शक्यता १२८ मध्ये एक, पुढे १२७ मध्ये एक, अशी वाढत जाते.

सहा जणांना सहाच दट्टे का देऊ नयेत? कारण मग पाच रिकामे गेले की सहाव्याला निकाल आधीच ठाऊक. दोन जादा दट्टे ठेवले की शेवटच्यालाही आशा राहते आणि चार डावांतला एक डाव दुसऱ्या फेरीत जातो. मला हे प्रमाण सर्वांत आवडतं.

चकती खरंच निःपक्षपाती आहे का, हे तपासता येतं. आठशे वेळा फिरवून नोंद ठेवा. प्रत्येक जागा साधारण शंभर वेळा यावी. काही जागा ८५ वेळा, काही ११५ वेळा आल्या तरी घाबरू नका, नशीब इतकं हलतंच. पण एखादी जागा दीडशेवर गेली, तर खुंटीच्या वजनाने चकती एका बाजूला झुकते आहे. समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावावं आणि पेटी सपाट जागी ठेवावी.

चकतीचं हेच काम छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरही (सर्किट बोर्डवर) होतं. तिथे वेगळी मेख आहे: सुरुवातीचं बीज, म्हणजे ज्या आकड्यावरून पाटी पुढचे आकडे बनवते तो आकडा, बदललं नाही, तर दर वेळी चालू केल्यावर आकड्यांची तीच ती मालिका येते. डाव सुरू करणाऱ्याचं बटण नेमकं कितव्या मायक्रोसेकंदाला दाबलं गेलं, ते बीज म्हणून घ्यावं. बटणसेल वापरलेत तर त्यांचं झाकण स्क्रूने बंद हवं, ते गिळले गेले तर अन्ननलिका जाळतात.

(दृश्य: पेटीचा तळ. खालचा ट्रे बाहेर सरकतो, त्यात लाल रबराचे तीन तुकडे.)

आता या साधनातली सर्वांत गंभीर गोष्ट. फुग्याचा खरा धोका बहुतेकदा तो फुटल्यानंतर सुरू होतो. लॅटेक्सचा, म्हणजे फुग्याच्या रबराचा, तुकडा लहान मुलाच्या तोंडात गेला तर तो घशाच्या आकाराप्रमाणे चिकटून बसतो आणि हवेची वाट पूर्ण बंद करतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापावा लागतो, तो न फुगवलेल्या आणि फुटलेल्या फुग्यांबद्दलच आहे. म्हणून पेटीच्या तळाशी ट्रे. तुकडे त्यातच पडतात, पुढचा फुगा बसवण्याआधी मोठ्या माणसाने तो रिकामा करायचा, आणि न फुगवलेले फुगेही त्याच्याकडेच राहायचे. खेळणाऱ्यांत कुणाला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर लॅटेक्सचा फुगा वापरूच नये, आणि दुसरा फुगा घेतला तर सुईचा जोर नव्याने तपासावा. कुणाला अचानक आवाजाची भीती वाटत असेल, तर त्याला लांब बसून चकती फिरवण्याचं काम द्यावं.

(दृश्य: दट्टा. टक्. फट्! क्षणभर शांतता, मग हशा.)

राहिला प्रश्न: फुगा ज्याच्या हातून फुटतो, तो जिंकला की हरला? जपानच्या टोमी कंपनीने १९७५ साली पिंपातल्या समुद्री चाच्याचा खेळ आणला. पिंपाला तलवारी खुपसत जायचं, एका तलवारीला चाचा टुणकन वर उडतो. मूळ नियमात त्याला उडवणारा जिंकत असे, कारण त्याने बांधलेल्या चाच्याची सुटका केलेली असायची. मला तोच नियम पटतो. दचकायचंही आणि हरायचंही, असं दुहेरी ओझं एकाच खेळाडूवर कशाला? फुटल्यावर बक्षीस मिळणार असेल, तर घाबरणारं मूलही स्वतःहून हात पुढे करतं. तेव्हा या पेटीचा नियम असा: ज्याच्या दट्ट्याने फुगा फुटला, तो जिंकला, आणि नवा फुगा बसून झाकण लागलं की पुढच्या डावाची चकती तोच फिरवणार.